मंगळवारची संध्याकाळ की रविवारची दुपार: वसंतातले व्हिएन्ना आणि बर्लिन

जर्मन भाषेच्या परीक्षा देऊन, कागदपत्रांची रास जमवून, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात जायचे ठरवलेल्या अनेक मराठी तरुणांपुढे व्हिएन्ना आणि बर्लिन ही दोन नावे एकाच वेळी येतात. बहुतेक जण पगार, घरभाडे आणि निवासपरवाना यांचे आकडे शेजारीशेजारी मांडून निर्णय घेतात, आणि ते योग्यच आहे. पण हे आकडे जुळत आले, म्हणजे दोन्हीकडे पोटापाण्याची सोय सारखीच होते आहे असे दिसले, की मग एक वेगळा प्रश्न उरतो: कामाचे तास सोडून उरलेला वेळ या शहरात कसा जाईल? पुढील तुलना तेवढ्याच प्रश्नापुरती आहे, आणि तीही वसंताच्या तीन महिन्यांपुरती. या दोन्ही शहरांत मी काही वर्षे राहिलो आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दोन्ही शहरे सारखीच करडी आणि अबोल असतात, त्यामुळे त्या महिन्यांवरून निवड करण्यात अर्थ नाही. शहरांचे स्वभाव वेगळे आहेत हे कळते ते मार्चनंतर.

मात्र त्याआधी 'वसंत' या शब्दाबद्दल थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा उन्हे तापू लागलेली असतात आणि चैत्रपालवीचे कौतुक करेपर्यंत माठ बाहेर काढायची वेळ येते. मध्य युरोपातला वसंत उष्णतेपेक्षा उजेडाचा असतो. डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये दिवस जेमतेम ७ तास ४० मिनिटांचा असतो आणि जूनमध्ये तो सुमारे १६ तास ५० मिनिटांपर्यंत लांबतो. त्यातच मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात, आणि काल अंधारात घरी परतलेला माणूस आज उन्हात घरी परततो. व्हिएन्ना दक्षिणेला असल्यामुळे तिथे ही दोन टोके थोडी जवळ येतात: हिवाळ्यात सुमारे ८ तास २० मिनिटे आणि जूनमध्ये १६ तास ५ मिनिटांच्या आसपास. मुंबईतला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचा असतो हे लक्षात घेतले, तर तिथल्या माणसांच्या अंगात एप्रिलमध्ये अचानक जे वारे संचारते त्याचे कारण कळते. आपले पंचांग मात्र या ऋतूशी नेहमी जुळतेच असे नाही. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला आला, तेव्हा दोन्ही शहरांतली बहुतेक झाडे निष्पर्ण होती. २०२७ मध्ये तो ७ एप्रिलला येईल, आणि तेव्हा गुढीमागे किमान हिरवी पालवी दिसण्याची शक्यता आहे.

वसंत आधी कुठे येतो, याचे उत्तर सोपे आहे: व्हिएन्नात, साधारण आठवडा-दोन आठवडे आधी. एप्रिलच्या आरंभी डॅन्यूबच्या वरच्या बाजूच्या वाखाउ खोऱ्यात जर्दाळूच्या बागा पांढऱ्या होतात, आणि तिथे व्हिएन्नातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. बर्लिनचा एप्रिल भरवशाचा नसतो. 'एप्रिल त्याला हवे तेच करतो' अशा अर्थाची म्हणच जर्मनमध्ये आहे. पण एखादा आठवडा उशिरा आलेली फुले कमी सुंदर नसतात, तेव्हा या मुद्द्यावर कोणी निर्णय घेऊ नये. खरा फरक ती फुले कुठे आहेत आणि तिथे पोचायला काय लागते, यात आहे.

व्हिएन्नाचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस किलोमीटर, लोकवस्ती वीस लाखांच्या थोडी पुढे, आणि शहराचा जवळपास अर्धा भाग हिरवा. हा हिरवा भाग शहराच्या कडेला एका बाजूस रचून ठेवलेला नसून ट्रामच्या वाटेवर येतो. प्राटरचे उदाहरण पुरेसे आहे. सम्राट दुसऱ्या योसेफने १७६६ मध्ये ही राजघराण्याची शिकारीची राखीव जागा सर्वांसाठी खुली केली. तिच्या मधून जाणारा, दोन्ही बाजूंनी चेस्टनटची झाडे असलेला हाउप्टआले हा सरळ रस्ता ४ किलोमीटरहून अधिक लांब आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात या झाडांवर पांढऱ्या फुलांचे उभे तुरे येतात आणि ऑफिस सुटल्यावर धावायला, सायकल चालवायला किंवा नुसते बसायला अर्धे शहर तिथे जमते. त्याआधी, मार्चच्या शेवटी, झाडांखालच्या जमिनीतून एक वास येऊ लागतो आणि नवखा मराठी माणूस जागीच थबकतो, कारण तो थेट लसणाच्या फोडणीचा वास असतो. बेअरलाउख, म्हणजे शब्दशः अस्वलाचा लसूण, ही तिथली रानभाजी. ती सूपमध्ये, लोण्यात आणि चटणीसारख्या वाटणात घालतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा खुडायला बाहेर पडणाऱ्या बायकांची जी लगबग असते, तिचेच हे युरोपीय रूप. एक सावधगिरी मात्र बाळगावी: तिची पाने लिली ऑफ द व्हॅलीच्या विषारी पानांसारखी दिसतात, आणि एकदा बोटांना लसणाचा वास लागला की वासावरून फरक करता येत नाही. पहिल्या वर्षी ती बाजारातूनच आणणे शहाणपणाचे.

मे महिन्याच्या शेवटी फोल्क्सगार्टनमधले गुलाब फुलतात. हिवाळाभर ही झुडपे गोणपाटाच्या पोत्यांत बांधून ठेवलेली असतात, त्यामुळे जानेवारीत त्या बागेत डोके झाकलेल्या माणसांची रांग उभी असल्याचा भास होतो. ती पोती उतरली की वसंत अधिकृतपणे आला असे मानायला हरकत नाही. अनेक झुडपांना लहान पाट्या लावलेल्या असतात, कारण नागरिक पैसे देऊन एखाद्या गुलाबाचे पालकत्व घेतात आणि पाटीवर आईचे, आजोबांचे किंवा प्रेयसीचे नाव लिहितात. व्हिएन्नात नव्याने आलेल्या कोणालाही एक सल्ला द्यावासा वाटतो: पर्यटकांच्या यादीतली राजवाड्यांची दालने नंतर पाहा, आधी या पाट्या वाचा. शहर किती भावुक आहे आणि ती भावुकता किती शिस्तीत मांडते, ते तिथे कळते.

याच शिस्तीचा दुसरा नमुना हॉयरिगर, म्हणजे द्राक्षबागायतदारांच्या अंगणातली वाइनगृहे. व्हिएन्नाच्या हद्दीत सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षमळे आहेत, आणि १७८४ च्या राजाज्ञेने द्राक्षबागायतदारांना स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकण्याची मुभा मिळाली. दारावर देवदाराच्या जातीची हिरवी डहाळी टांगलेली असली की आज अंगण उघडे आहे असे समजायचे. जुन्या शहराभोवतीच्या 'रिंग' या रस्त्यावरून 'डी' ट्राम पकडली की अर्ध्या तासात नुसडॉर्फला उतरता येते, तिथून महापालिकेने आखलेली पहिल्या क्रमांकाची पायवाट मळ्यांमधून ४८४ मीटर उंचीच्या कालेनबर्गपर्यंत चढते, आणि उतरताना एखाद्या अंगणात लाकडी बाकावर बसता येते. न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो आणि लहान मुलांना कोणी हटकत नाही, हे कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी मुद्दाम नोंदवतो. सहा वाजता काम संपवून हे सगळे करता येते आणि दहापर्यंत घरी परत येता येते, हा या तुलनेतला माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे.

आता बर्लिन. हे शहर ८९१ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे, म्हणजे व्हिएन्नाच्या दुपटीहून मोठे, आणि त्याचा वसंतही तसाच विखुरलेला आहे. ट्यूलिपसाठी दक्षिणेला ब्रित्सर गार्टन गाठावे लागते, निरनिराळ्या देशांच्या शैलीतल्या बागांसाठी पूर्वेला मार्त्सान, फळझाडांच्या बहरासाठी पश्चिमेला शहराबाहेरचे व्हेर्डर, जिथे १८७९ पासून फुलोऱ्याचा उत्सव भरतो आणि फळांची वाइन प्रमाणाबाहेर प्यायली जाते. यातले प्रत्येक ठिकाण म्हणजे एक पूर्ण दिवस. कामाच्या दिवशी संध्याकाळी ब्रित्सर गार्टनला जाऊन येऊ, असे मी अनेकदा ठरवले आणि बहुतेक वेळा गाडी बदलण्याच्या स्थानकावरच बेत सोडून दिला.

तरीही बर्लिनच्या वसंतात असे काही आहे जे व्हिएन्नाच्या सगळ्या गुलाबांकडे नाही, आणि ते म्हणजे फुलांखालची जमीन. भिंत पडल्यानंतर आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर जपानमधल्या एका दूरचित्रवाहिनीने लोकांकडून देणग्या गोळा केल्या, आणि त्या पैशांतून चेरीची हजारो झाडे बर्लिन आणि परिसरात लावली गेली. त्यांतली पुष्कळ झाडे भिंतीच्या जुन्या पट्ट्यावरच आहेत. बॉर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलापाशी, जिथे ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री पहिल्यांदा फाटक उघडले, तिथे एप्रिलमध्ये गुलाबी कमानी उभ्या राहतात. पहारेकऱ्यांना स्वच्छ नेम धरता यावा म्हणून जी जमीन उजाड ठेवली होती, तिच्यावर आता लोक चटया टाकून डबे उघडतात. हे पाहायला तिकीट लागत नाही आणि कोणी मार्गदर्शक लागत नाही, पण इतिहास थोडा वाचून जावे, म्हणजे फुले वेगळी दिसतात.

टेम्पेलहोफचे मैदान हे दुसरे उदाहरण. २००८ मध्ये बंद झालेला हा विमानतळ २०१० मध्ये जनतेसाठी उघडला, आणि २०१४ च्या मे महिन्यात झालेल्या सार्वमतात नागरिकांनी तिथे बांधकाम करण्याचा बेत फेटाळला. मोठ्या शहराच्या मध्यभागी सुमारे तीनशे हेक्टर मोकळी जागा केवळ मोकळी राहावी म्हणून लोकांनी मत दिले, ही गोष्ट मुंबईच्या माणसाला पचायला वेळ लागतो. धावपट्टीवर सायकली आणि पतंग असतात, आणि बाजूच्या गवतात चंडोल जमिनीवर घरटी करतात म्हणून वसंतात ते भाग दोरी लावून बंद ठेवले जातात. एवढे आकाश व्हिएन्नात कुठे एकत्र पाहायला मिळत नाही. फक्त सावली शोधू नये. झाड जवळपास नाहीच.

मधल्या मध्ये एक गंमत. बर्लिनमध्येही एक 'प्राटर' आहे: प्रेन्झलाउअर बर्गमधल्या कास्तानियनआलेवरची १८३७ पासूनची बिअरबाग, व्हिएन्नाच्या प्राटरवरून नाव घेतलेली आणि तशीच चेस्टनटच्या झाडांखाली. दोन्ही ठिकाणी बसून पाहिल्यास फरक असा जाणवतो की व्हिएन्नात लोक मूळ प्राटरमध्ये चालत असतात आणि बर्लिनच्या प्राटरमध्ये लोक बसलेले असतात.

सांस्कृतिक जीवनाकडे वळल्यावर तुलना अवघड होते, कारण इथे दोन्ही शहरे श्रीमंत आहेत. संगीतापासून सुरुवात करू. व्हिएन्नाच्या श्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहात सप्टेंबर ते जून या हंगामात जवळजवळ रोज प्रयोग असतो आणि कार्यक्रम रोज बदलत राहतो. उभे राहून पाहण्याची तिकिटे त्याच दिवशी, सिनेमाच्या तिकिटाच्या भावात मिळतात. या जागांच्या पुढच्या कठड्याला रुमाल बांधून आपली जागा धरायची आणि निश्चिंतपणे कॉफी प्यायला जायचे, ही तिथली जुनी रीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. समोरच्या लहान पडद्यावर संवादांचे इंग्रजी भाषांतर वाचता येते. शिवाय एप्रिल, मे आणि जूनमध्ये अनेक प्रयोग इमारतीबाहेरच्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवले जातात आणि तिथे खुर्ची मिळाली तर ती फुकट असते. अंगावर कोट घालून संध्याकाळच्या उजेडात, ट्रामच्या घंटांच्या पार्श्वभूमीवर ऑपेराचा पहिला अंक पाहणे हा व्हिएन्नाच्या वसंताचा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक अनुभव आहे. मेच्या मध्यापासून 'व्हीनर फेस्टवोखन' हा १९५१ पासूनचा महोत्सव सुरू होतो. त्याचा उद्घाटनसोहळा नगरभवनासमोरच्या चौकात सर्वांसाठी खुला असतो आणि पुढचे पाच-सहा आठवडे जगभरातले नाट्यप्रयोग शहरात येतात.

बर्लिनमध्ये ऑपेराची तीन मोठी घरे आहेत, हे शहराच्या फाळणीचे एक अनपेक्षित फळ. उंटर डेन लिंडनवरचे जुने श्टाट्सओपर पूर्वेकडे गेले, तेव्हा पश्चिमेने १९६१ मध्ये डॉइचे ओपरची नवी इमारत उघडली. पूर्वेतच १९४७ पासून कोमिशे ओपर होते, ज्याच्या मूळ इमारतीचे सध्या नूतनीकरण चालू असल्याने प्रयोग शिलर थिएटरमध्ये होतात. या तिघांची स्पर्धा प्रेक्षकाच्या फायद्याची आहे, विशेषतः वय तिशीच्या आत असेल तर, कारण एका सामायिक सवलतपत्रावर उरलेल्या चांगल्या जागा अत्यल्प दरात मिळतात. फिलहार्मोनी या संगीतसभागृहाची १९६३ ची इमारत वास्तुविशारद हान्स शारुन यांची. श्रोत्यांच्या जागा वादकांच्या चहूबाजूंनी मळ्याच्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या आहेत, आणि स्थापत्याच्या भाषेत या रचनेला द्राक्षमळ्याचेच नाव आहे. व्हिएन्नाने खरे मळे राखले, बर्लिनने सभागृहात बांधले. हंगामात ठरावीक दुपारी या इमारतीच्या प्रवेशदालनात फुकट मैफल होते, लोक पायऱ्यांवर बसून ऐकतात आणि पुन्हा कामावर जातात. एक तपशील मात्र ध्यानात ठेवावा: ईस्टरच्या सुमारास बर्लिन फिलहार्मोनिक शहरात नसते. २०१३ पासून ती बाडेन-बाडेनला जात असे आणि २०२६ पासून पुन्हा साल्झबुर्गला जाऊ लागली आहे, म्हणजे बर्लिनचा सर्वांत प्रसिद्ध वाद्यवृंद वसंताचा आरंभ ऑस्ट्रियात करतो.

नाटकाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही आडकाठी न ठेवता बर्लिनला पसंती देईन. १९६४ पासून दर मे महिन्यात होणाऱ्या 'थेआटरट्रेफन'मध्ये जर्मन भाषक प्रदेशांतले वर्षभरातले दहा उल्लेखनीय प्रयोग परीक्षक मंडळ निवडते आणि ते सगळे बर्लिनमध्ये पाहायला मिळतात. त्यांत व्हिएन्नाचे प्रयोगही असतात. याहून व्यावहारिक मुद्दा असा की गॉर्की थिएटर नियमितपणे आणि 'शाउब्यूने' हे नाट्यगृह अनेक प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षके देते. जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत शिकून आलेल्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येते, पण रंगमंचावरचे भांडण कळत नाही. मराठी माणसाच्या रक्तात नाटक आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. ते रक्त पहिल्या दोन वर्षांत उपाशी ठेवायचे नसेल तर बर्लिन बरे.

संग्रहालयांचा प्रश्न सध्या एकतर्फी झाला आहे. बर्लिनच्या म्यूझियम बेटाला १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, परंतु त्यावरचे पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून पूर्णपणे बंद आहे. एक भाग २०२७ मध्ये उघडण्याचे नियोजन आहे आणि संपूर्ण इमारत २०३७ पर्यंत पूर्ण होणे अपेक्षित आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी अनेक संग्रहालये फुकट पाहू देण्याची, २०२१ मध्ये सुरू झालेली योजना पैशांअभावी २०२४ च्या अखेरीस बंद झाली, आणि २०२५ साठी बर्लिनने संस्कृतीच्या अंदाजपत्रकात सुमारे १३ कोटी युरोंची कपात केली. ही कपात तिकिटाच्या दरांत लगेच दिसेल असे नाही, पण ज्या लहान रंगमंचांमुळे आणि प्रकल्पांमुळे बर्लिन बर्लिन होते त्यांना ती आधी बोचते. उलट व्हिएन्नात शहराचे स्वतःचे संग्रहालय डिसेंबर २०२३ मध्ये नव्या रूपात उघडले तेव्हा त्याचे कायमस्वरूपी दालन सर्वांसाठी फुकट ठेवण्यात आले, आणि संघराज्याच्या मोठ्या संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना प्रवेशशुल्क नाही. शिले आणि कोकोश्का या ऑस्ट्रियन चित्रकारांची चित्रे पाहताना मुंबईच्या चित्रकलेशी असलेला एक धागा आठवावा. रझा, आरा, गाडे यांच्या पिढीला चाळिशीच्या दशकात युरोपीय आधुनिक कलेची ओळख करून देणाऱ्यांमध्ये, नाझी राजवटीपासून सुटून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि एमॅन्युएल श्लेसिंजर हे व्हिएन्नातले होते, आणि त्यांच्याबरोबर नाव येते त्या रुडॉल्फ फॉन लायडेन यांचा जन्म बर्लिनचा. या बाबतीत दोन्ही शहरांचे ऋण सारखेच आहे.

बर्लिनचे असे दुसरे ऋण इरावती कर्वे यांच्याशी जोडलेले आहे. १९२८ मध्ये त्या मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी बर्लिनच्या दालेम भागातल्या संस्थेत आल्या. कवटीच्या ठेवणीवरून वंशाची श्रेष्ठता ठरवू पाहणाऱ्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करूनही त्यांचे मोजमाप त्याच्या गृहीतकाला दुजोरा देईना, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. ती इमारत आजही उभी आहे आणि विद्यापीठाच्या वापरात आहे. त्याच दालेममध्ये ४३ हेक्टरांची वनस्पती-बाग आहे. मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी ही दोन्ही ठिकाणे एकत्र पाहता येतात, आणि बर्लिनमध्ये येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी ब्रान्डेनबुर्ग द्वाराच्या आधी तिथे नेत असे.

आठवड्याच्या वारांचा विचार केल्यावर या दोन शहरांतला फरक नीट पकडता येतो, असे माझे मत हळूहळू बनले. व्हिएन्ना हे मंगळवारच्या संध्याकाळचे शहर आहे. अंतरे लहान, ट्राम वेळेवर, प्रयोग सातला, मळे अर्ध्या तासावर. थकलेल्या माणसालाही दोन तासांत काही चांगले पाहून घरी जाता येते. याची किंमत रविवारी मोजावी लागते. दुकाने बंद, रस्ते शांत, आणि म्यूझिकफेराइन या संगीतसभागृहातल्या रविवारी सकाळी अकराच्या फिलहार्मोनिक मैफलींची वर्गणीदारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. नवख्याला प्रतीक्षायादीत वर्षे काढावी लागतात. (यावर एक उतारा आहे: आउगुस्टिनरकिर्शे या चर्चमध्ये रविवारी अकराच्या प्रार्थनेत हायडन, मोझार्ट किंवा शुबर्ट वाद्यवृंदासह सादर होतात आणि दार सर्वांना उघडे असते.) बर्लिनचा मंगळवार अंतरांमध्ये हरवतो, पण रविवार भरून पावतो: माउअरपार्कमधला जुना बाजार, तिथल्या दगडी पायऱ्यांसमोर अनोळखी माणसांनी गायलेली गाणी, टेम्पेलहोफ, कालव्याच्या काठी बसलेली मंडळी. व्हिएन्नातल्या प्रेक्षकाला उत्तम जागा मिळते, आणि बर्लिनमध्ये प्रेक्षक कोण व कलाकार कोण हे दुपारी तीननंतर सांगता येत नाही.

१ मे या एका दिवसातही हा भेद दिसतो. व्हिएन्नात सकाळी वेगवेगळ्या विभागांतून लाल झेंडे घेतलेले सोशल डेमोक्रॅट पक्षाचे जथे बँडसह नगरभवनासमोर येतात, भाषणे होतात आणि दुपारी सगळे प्राटरमध्ये जातात. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये दुपारी गर्दी आणि संगीत, संध्याकाळी मोठा निषेध मोर्चा आणि त्याहून मोठा पोलीस बंदोबस्त असतो. त्यानंतर पेन्टेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या लांब सुट्टीत बर्लिनमध्ये 'कार्नेवाल डेर कुल्टुरेन' भरतो; १९९६ पासूनच्या या मिरवणुकीत शहरात राहणारे नानादेशीचे लोक आपापले नाच आणि ढोल घेऊन उतरतात.

पुणे आणि मुंबईची उपमा इथे कोणालाही चटकन सुचेल, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी लोकांनी ती दिलीही आहे. व्हिएन्नातल्या जुन्या कॉफीगृहातला वेटर पाण्याचा पेला समोर ठेवताना ज्या नजरेने पाहतो ती पुणेरी आहे, हे मान्य. पण उपमा तिथेच थांबते. बर्लिनमध्ये मुंबईची घाई नाही. उलट एवढे मोठे शहर इतके संथ आणि निम्मे रिकामे कसे, याचेच आश्चर्य वाटते. आणि व्हिएन्नात शहराची स्वतःच्या मालकीची घरे इतकी आहेत की सुमारे एक चतुर्थांश रहिवासी त्यांत राहतात. अशी सोय पुण्यात कोणी पाहिलेली नाही. नवख्याला ही घरे लगेच मिळत नाहीत, कारण शहरात सलग काही काळ राहिल्याची अट असते, पण त्यांच्यामुळे एकूण भाड्यांवर लगाम राहतो. बर्लिनमध्ये घर शोधणे हे आजघडीला सांस्कृतिक जीवनातला सर्वांत मोठा अडथळा आहे. पहिला वसंत बाल्कन्या पाहण्याऐवजी घरे पाहण्यात जाऊ शकतो.

प्रवासखर्चाचे थोडक्यात. व्हिएन्नाचा वार्षिक पास २०१२ पासून बरीच वर्षे ३६५ युरोंना, म्हणजे दिवसाला एक युरो या भावाने मिळत होता. २०२६ च्या आरंभी तो महागला, तरी स्वस्तच आहे. जर्मनीचा मासिक 'डॉइचलांडटिकेट' मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढला, पण तो देशभरातल्या स्थानिक गाड्यांना चालतो. व्हेर्डर, पोट्सडाम किंवा शतावरीसाठी प्रसिद्ध असलेले बेएलित्स त्याच तिकिटात होतात. ही पांढरी शतावरी, म्हणजे श्पार्गेल, दोन्हीकडे वसंताचा राष्ट्रीय सण आहे. व्हिएन्नाला ती मार्शफेल्डमधून येते, आणि दोन्हीकडे तिचा हंगाम २४ जूनला संपतो. पहिल्यांदा खाताना इतका गाजावाजा कशासाठी असा प्रश्न पडतो. तिसऱ्या वर्षी आपणही एप्रिलच्या मध्यापासून बाजारात चौकशी करू लागतो. भेंडी, कोथिंबीर आणि वांगी यांच्यासाठी बर्लिनच्या माइबाखउफरवर मंगळवारी आणि शुक्रवारी भरणारा तुर्की बाजार गाठावा; शाकाहारी माणसाचे एकूणच बर्लिनमध्ये अधिक सहज भागते.

भाषा आणि माणसे हा शेवटचा निकष, आणि कदाचित सर्वांत निर्णायक. बर्लिनमध्ये इंग्रजीवर वर्षानुवर्षे निभावते, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो आणि ओळखी चटकन होतात; त्या तितक्याच चटकन शहर सोडूनही जातात. व्हिएन्नात जर्मन बोलावी लागते, तीही पुस्तकात शिकलेली पुरत नाही, कारण टोमॅटोला पाराडाइझर आणि बटाट्याला एर्डॅप्फेल म्हणणाऱ्या शहरात बाजारातच पहिली परीक्षा होते. ओळख व्हायला तिथे दोन हिवाळे लागतात. पण कॉफीगृहातले आपले टेबल एकदा ठरले, की पुढे ते टेबल आपल्यासाठी राखले जाते.

म्हणून माझा सल्ला असा. कामाचे तास ठरलेले असतील, घरी लहान मूल असेल, संगीताची ओढ असेल आणि जर्मनवर मेहनत करण्याची तयारी असेल, तर व्हिएन्ना निवडावे. वय तिशीच्या आत असेल, वेळ आपल्या हातात असेल, नाटक, नवी चित्रकला किंवा स्वतः काही करून पाहण्याची इच्छा असेल आणि घर शोधण्याचा मनस्ताप सोसवत असेल, तर बर्लिन निवडावे. दोन्ही वर्णने लागू होत असतील तर शक्य असल्यास एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडे चार-चार दिवस राहून यावे, आणि त्यांत प्रत्येक ठिकाणचा एक मंगळवार किंवा एक रविवार तरी येईल असे पाहावे.

शहर कोणतेही ठरो, सामान हलवायचे असेल तर ते मार्चच्या आरंभी हलवावे. मेमध्ये पोचणारा माणूस शहराला आधीच हिरवे पाहतो आणि ते हिरवे होताना पाहण्याचा पहिल्या वर्षीचा आनंद हुकतो. ज्यांना शिंका येण्याचा त्रास आहे त्यांनी एप्रिलमधल्या बर्चच्या परागकणांची तयारी ठेवावी, कारण भारतात कधीही न झालेली ही ॲलर्जी तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाठू शकते. आणि खिडकीत वाढवलेली तुळस एप्रिलमधले कोवळे ऊन पाहून बाल्कनीत ठेवण्याची घाई करू नये. मेच्या दुसऱ्या आठवड्यात 'हिमसंत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही संतांचे दिवस येतात, त्या रात्रींत पुन्हा एकदा कडक गारठा पडण्याची भीती असते, आणि त्यांतली शेवटची, 'थंड सोफी', १५ मे रोजी असते. दोन्ही शहरांतल्या आज्या १६ तारखेला कुंड्या बाहेर काढतात. तुळसही त्याच दिवशी काढावी.